कोकणातून येताना डिकीत काय भरायचं?

प्रिय मावशी,
आम्ही मूळचे अकोल्याचे, राहतो पुण्यात. मागच्या मे महिन्यात मालवण-वेंगुर्ला केलं. परतताना महामार्गावरच्या एका मोठ्या दुकानात थांबलो आणि साडेचार हजारांचा खाऊ घेतला. आंबावडी म्हणजे साखरेचा ठोकळा निघाली, काजूंना दीड महिन्यात कीड लागली आणि कोकम सरबताची बाटली डिकीत फुटली, तिचा वास अजून गेलेला नाही. वर सासूबाई म्हणाल्या, ‘हे सगळं आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं की!’ मी जाऊन पाहिलं. मिळत होतं, आणि आंबावडी दहा रुपयांनी स्वस्त. यंदा मेच्या मध्यावर पुन्हा जातोय, या वेळी सावंतवाडीलाही. ऑफिसात चौदा माणसं, सासूबाई शाकाहारी आणि त्यांना गोड वर्ज्य, नवरा मासेखाऊ, दीर जूनमध्ये जर्मनीला परत जाणार. काय आणू? की काहीच आणू नको?
— हात हलवत यावं का, या विचारात, कोथरूड

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग जरा शरमले, कारण मी वेंगुर्ल्याकडची. आमच्याकडून माणूस असा साखरेचा ठोकळा घेऊन गेला, हे काही बरं नाही.

सासूबाईंचा टोमणा सोडून दे, पण त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ज्या दुकानात तू थांबलीस, त्याच्या मालाच्या गाड्या पुण्यालाही येतात. एकाच कारखान्यातली आंबावडी पुण्यातही मिळते, मुंबईतही, आणि घाट उतरल्यावर तीच ‘कोकणची आठवण’ होते. तिच्यात वाईट काही नाही, फक्त ती आणायला दहा तास प्रवास करायची गरज नव्हती.

आपल्याकडे यासाठी एक जुना शब्द आहे, वानवळा. शेतात, परसात नवं काही आलं की त्यातलं थोडं नातेवाइकांकडे, शेजारी पाठवायचं. वानवळ्याला पॅकिंग नसतं, तो थोडाच असतो, आणि देणाऱ्याच्या घरातही तोच पदार्थ शिजत असतो. यातली शेवटची गोष्ट महत्त्वाची. तू काय घ्यावंस हे ठरवायला मी तुला एकच प्रश्न देते. दुकानदाराला ‘काय फेमस आहे?’ असं विचारू नकोस. जिथे उतरशील त्या घरच्या बाईला विचार, ‘पावसाळ्यासाठी तुम्ही घरात काय भरून ठेवता?’

कोकणात जूनपासून चार महिने पाऊस कोसळतो. पूर्वी ओढे भरले की बाजार तुटायचा, आणि होड्या तर आजही किनाऱ्याला लागतात. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंदच असते. म्हणून एप्रिल-मेमध्ये प्रत्येक घरात बेगमी चालते. रायगडकडे तिला आगोट म्हणतात, गोव्यात पुरुमेंत. आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, मे महिन्यात पाय ठेवायला जागा नसायची. एकीकडे कोकमाची सोलं, एकीकडे आंब्याची साठं, मिरच्या, पापड, काळे वाटाणे, आणि कावळे हाकायला आम्ही पोरं. दमट हवेत, बुरशीला तोंड देत चार महिने टिकावं म्हणून जे केलंय, ते तुझ्या डिकीतल्या दहा तासांत नासेल कसं? आणि तू जातेयस नेमकी त्याच दिवसांत, म्हणजे माल ताजा. तेव्हा हात हलवत येऊ नकोस. फक्त खाऊच्या दुकानातून नको, बेगमीच्या बाजारातून आण.

सगळ्यात आधी कोकम, कारण तुझी बाटली फुटली त्यावरून कळतं की यात घोटाळा आहे. एकाच रातांब्यापासून, म्हणजे कोकमाच्या फळापासून, तीन वेगळ्या गोष्टी होतात, आणि बाहेरची माणसं तिघींना ‘कोकम’ म्हणतात. रातांब्याची साल वाळवायची, मीठ घातलेल्या रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची, अशी पुटं चढवत गेलं की आमसूल होतं. आम्ही त्याला सोलं म्हणतो. रसात भरपूर मीठ घालून टिकवलेला गडद अर्क म्हणजे आगळ. आणि सालीत साखर भरून, तिचा पाक सुटू दिला की ते सरबताचं, म्हणजे अमृतकोकम. आगळ खारट, सरबत गोड. आगळ सोलकढीला, सरबत पाहुण्यांना.

हे मी ठासून सांगतेय, कारण माझ्याकडून एकदा चूक झालीय. लग्नानंतर पुण्यात नवीन होते, तेव्हा समोरच्या बिऱ्हाडात मोठ्या प्रेमाने आगळाची बाटली दिली, आणि ‘कोकम आहे’ एवढंच म्हणाले. त्या बाईंनी त्याचं सरबत केलं. साखर घालत गेल्या, घालत गेल्या, मीठ काही हटेना. मला मात्र म्हणाल्या, ‘छान होतं हो.’ खरी गोष्ट मला नऊ वर्षांनी त्यांच्या मुलीच्या केळवणात कळली, तीही पंगतीत, सगळ्यांसमोर. तेव्हापासून मी बाटलीवर चिकटपट्टी लावते आणि पेनने लिहिते, ‘सोलकढीचं. साखर घालू नये.’

बाटली का फुटली असेल, तेही सांगते. सरबताच्या पाकात साखर कमी पडली की उन्हाळ्यात ते आंबायला लागतं, आतमध्ये हवा धरते, आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी म्हणजे भट्टीच. आगळात मीठ पुरेसं असेल तर ते असं फसफसत नाही. म्हणून बाटलीबंद काही घ्यायचं तर आगळ घे. बाटली गळ्यापर्यंत भरलेली नको. झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद, वर दोरा, आणि बाटल्या एका बादलीत उभ्या, मधे वर्तमानपत्राचे बोळे. बादली तिकडेच विकत घे, घरी उपयोगी पडते. घरी पोचल्यावर आगळ आणि आमसूल दोन्ही काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत ठेव. आंबट-खारट वस्तू धातूच्या डब्यात ठेवू नये, डबा खराब होतो आणि वस्तूही.

आमसूल घेताना बोटांनी दाबून बघ. मऊ हवं, पण हाताला पाणी लागता कामा नये. ओलं आमसूल वजनाला भरतं, मिठाचे खडे चढलेलं आणखी भरतं. पैसे तू मिठाचे मोजतेस. आत बिया, देठ राहिलेले नसावेत. नवं आमसूल लालसर जांभळं दिसतं, जुनं काळं पडतं. काळं म्हणजे वाईट नव्हे, आमटीला तेच बरं असं माझी आई म्हणायची. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा पाकिटावर तसं लिहिलेलंही दिसेल. पण मेच्या मध्यावर तू गेलीस तर बऱ्याच अंगणांत सालं वाळत असलेलीच दिसतील. थेट तिथेच विचार. नाही म्हणाले तर म्हणू देत.

सासूबाईंना अर्धा किलो आमसूल दे, आणि त्याबरोबर कुळथाचं पीठ. त्यांचं गोड बंद आहे, म्हणून ‘शुगरफ्री’ काहीतरी शोधत बसू नकोस. कोकणातलं अर्धं स्वयंपाकघर तसंही तिखट-आंबटच आहे. कुळीथ भाजून, भरडून, दळून हे पीठ करतात. त्याची पिठी म्हणजे तुमच्या पिठल्याची मावसबहीण: लसणीची फोडणी, पाणी, दोन आमसुलं, पीठ कालवून ओतायचं, उकळायचं, आणि गरम भातावर. पिठल्यात आणि हिच्यात फरक काय, यावर त्या तुझ्याशी अर्धा तास बोलतील, बघ. अकोल्याच्या बाईला पिठल्यावर बोलायला लावणं म्हणजे भेट पोचली.

त्यांच्यासाठी आणखी एक, काळे वाटाणे. पुण्यात मिळतात, पण दुकानं हिंडावी लागतात, आणि जुने असले तर शिजता शिजत नाहीत. मालवणी जेवण म्हटलं की लोकांना मासेच आठवतात, पण आमच्याकडे सणावारी, सोमवारी काळ्या वाटाण्यांचं सांबार आणि आंबोळी असते. त्याला लागतो मालवणी मसाला. तो मात्र नीट बघून घे. चांगला मसाला म्हणजे मिरच्या, धने, बडीशेप, दगडफूल, बादियान, नागकेशर, जायपत्री असं सगळं वेगवेगळं भाजून, मग कांडलेला. त्यात कांदा-लसूण नसते, म्हणून तो वर्षभर राहतो. पाकीट उघडून देत नसतील तर वास घेता येत नाही, आणि वास न घेता मसाला घेणं म्हणजे फोटो बघून लग्न ठरवणं. डंकावर जिथे मसाला कांडतात, किंवा बचत गटाच्या बायका जिथे विकायला बसतात, तिथे पाव किलो घे. एकदम किलोभर नको. आवडला तर पुढच्या वर्षाचं निमित्त होईल.

आता आंबा-फणस. तुझ्या मनात आंबावडीचा राग आहे, पण बिचारीचा दोष नाही. वडी म्हटली की साखर आलीच. तुला हवं होतं ते साठ, म्हणजे आंबापोळी. ताटाला तुपाचा हात लावायचा, रायवळ आंब्याचा रस पसरायचा, कडक उन्हात वाळवायचा, त्यावर दुसरा थर, मग तिसरा. रायवळ यासाठी की हापूस कापून खायला आणि विकायला, तर झाडाखाली पडणारा चोखायचा रायवळ साठाला. खरं साठ दिसायला अगदी ओबडधोबड असतं. रंग तपकिरी, कडा वेड्यावाकड्या, मध्ये एखादा धागा, चावताना दात अडकतो. पिवळंधमक, काचेसारखं गुळगुळीत आणि चौकोनी कापलेलं दिसलं की पाकीट उलटं कर. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, असा नियमच आहे. पहिलं नाव साखरेचं असेल तर तू साखर घेतेयस, आंबा तिला सोबत म्हणून आलाय.

फणसाचंही तसंच. फणस दोन जातींचा, कापा आणि बरका. काप्याचे गरे कडक, ते खायला आणि तळायला; बरका लिबलिबीत, त्याची फणसपोळी. तळलेले गरे घेताना तेलाचा वास घे, खवट वास लपत नाही. फणसपोळी सगळ्यांना आवडत नाही, तिचा वास खोलीभर होतो. ऑफिसात नेऊ नकोस. मी एकदा बँकेत नेली होती, साहेबांनी पंखा लावायला सांगितला.

काजूंना कीड का लागली? एक तर ते आधीच जुने असावेत, दुसरं, पुण्याला आल्यावर ते पिशवीतच राहिले असावेत. काजू घरी आणले की त्याच दिवशी घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये टाकायचे. पाकिटावर डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० असं लिहिलेलं असतं, ते काही गुण नव्हेत. एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये किती अख्खे काजू बसतात त्याचा तो आकडा. आकडा लहान तितका काजू मोठा आणि महाग. उसळीत, मसालेभातात घालायला तुकडा घे, चव तीच आणि पैसे कमी. आणखी एक गोष्ट दुकानदार आपणहून सांगणार नाही. कोकणातल्या कारखान्यांत फुटणारा सगळा काजू कोकणातला नसतो. आफ्रिकेतून कच्ची बी येते आणि इथे सोलली जाते. खास इथलाच हवा तर ‘गावठी बी आहे का? वेंगुर्ल्याची?’ असं विचार, आणि सालीसकट भाजलेला मागून बघ. ओल्या काजूगरांचं नाव मात्र काढू नकोस. त्यांचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल, तू उशिरा जातेयस. हे लिहितानाही मला जरा वाईट वाटतंय.

नवऱ्यासाठी सोडे. बोंबील, जवळा, सुकट पुण्यातही मिळतात, पण चांगले सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, किनाऱ्यावर बघून घेण्यात मजा आहे. महाग असतात, दचकू नकोस; पाव किलो पुष्कळ झाले. गुलाबी-केशरी रंग हवा, हातात कुडकुडीत वाजले पाहिजेत, पिवळट आणि मऊ नकोत. आधी कागदात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग स्टीलच्या घट्ट डब्यात, आणि डबा डिकीत. घरी सासूबाई शाकाहारी, तेव्हा डब्याची जागा आधीच ठरवून ठेव, वेगळ्या कपाटात. नाहीतर बाकी सगळं मनासारखं आणूनही तुझ्या प्रवासाचं नाव ‘त्या वासाचा प्रवास’ असं पडायचं. सोबत मूठभर तिरफळं घे. बांगड्याच्या, तारल्याच्या कालवणात ठेचून टाकायची असतात. आतली काळी बी काढून टाकायची आणि वरचं टरफल वापरायचं. जिभेला झिणझिण्या येतात, त्या यायच्याच असतात.

ऑफिसच्या चौदा जणांना चौदा पाकिटं? अजिबात नाही. एक किलो खाजे घे, डबा उघडून चहाच्या टेबलावर ठेव, आणि कामाला लाग. बेसनाच्या जाड शेवांवर गूळ आणि आल्याचा पाक चढवलेला असतो. जत्रेत याच्या राशी लागतात, आमच्याकडे जत्रेहून खाजं आलं नाही तर जत्रा झालीच नाही. पांढरं साखरेचंही मिळतं. तू गुळाचं घे, आल्याचं. पाक कोरडा हवा, बोटाला चिकटला तर माल नीट झालेला नाही. दात बरे असतील अशांसाठी खडखडे लाडू घे. नावातच सगळं आलं.

सावंतवाडीला जातेयस तर चितारआळीत चक्कर मार. तिथे लाकडाची आंबे, केळी, सीताफळं मिळतात, रंगवलेली. ऑफिसात एखादा सगळ्या पदार्थांना नावं ठेवणारा असतोच. त्याला लाकडी आंबा दे.

हापूसबद्दल मी लिहीत नाही. तो तू आणशीलच, कुणाचं ऐकणार नाहीस. फक्त पिकलेला आणू नकोस, कच्चा घे आणि घरी गवतात आढी लाव. पेटीवर ‘देवगड’ लिहिलं म्हणून आतला प्रत्येक आंबा देवगडचा असतो असं नाही, बागायतदाराकडूनच घे.

राहिले दीर. जर्मनीत, म्हणजे युरोपीय संघातल्या कुठल्याही देशात, बाहेरून जाताना सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, खव्याची बर्फी, तुपाचा डबा बाद. ताजी फळंसुद्धा तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत, अपवाद फक्त पाच फळांचा: अननस, नारळ, केळी, खजूर आणि दुरियन. म्हणजे गंमत बघ, नारळ चालतो, हापूस नाही. दिरांना मालवणी मसाला, कुळथाचं पीठ, आमसूल आणि वड्याचं पीठ दे, सगळं लेबल असलेल्या बंद पाकिटांत. घरगुती पुरचुंडीतली तपकिरी पूड विमानतळावर समजावून सांगत बसणं हा सुट्टीचा शेवट चांगला नाही. आगळ द्यायचंच तर चेक-इनच्या बॅगेत, दुहेरी पिशवीत, आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टांपासून लांब. त्याचा डाग जात नाही.

निघण्याआधी एक काम कर. जिथे उतरणार आहेस त्या घरी न्यायला काहीतरी बांधून घे, तुमच्याकडचं. अकोल्याहून चांगली तूरडाळ येत असेल तर दोन किलो, किंवा सासूबाईंच्या हातच्या सरगुंड्या, कुरडया. आमच्याकडच्या दमट हवेत तसल्या कुरडया होत नाहीत. सासूबाईंनाच बांधायला सांग, त्यांच्या नावाने दे. परतताना त्या घरची बाई तुझ्या हातात काही ना काही ठेवेल, न मागता. एखादी मिठातल्या कैऱ्यांची बरणी, नाहीतर मूठभर आंबोशी, म्हणजे वाळवलेल्या कैरीच्या फोडी. ते कुठल्या दुकानात मिळत नाही, आणि सासूबाईंना ते कुठून आलं, कोणी दिलं, हे सांगता येईल.

आणि आल्या आल्या रविवारी सोलकढी कर. एका नारळाचं दूध काढ, पहिलं दाट आणि दुसरं पातळ एकत्र. लसणीच्या दोन पाकळ्या आणि मिरची ठेचून टाक, वर कोथिंबीर. आगळ एकेक चमचा घालत जा, फिका गुलाबी रंग आला की थांब. मीठ शेवटी, चाखून. बहुतेक लागणार नाही.

तुझी,
मावशी